सांगितलं की गुण जातो

ह्यांना आधी टीबी झाला की आधी साखरेचा आजार झाला, हे शेवटपर्यंत कोणाला ठरवता आलं नाही. पालघरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, क्रम कळून उपयोग काय, आता दोन्ही सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे मी सांभाळायचे, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. बोलत होते ह्यांच्याशी आणि बघत होते माझ्याकडे.

साठच्या दशकातली मधली वर्षं होती ती. तारापूरच्या बाजूला वीजकेंद्राचं काम सुरू झालं होतं आणि चिंचणीच्या रस्त्यावरून कधी नव्हे ते ट्रक धावायला लागले होते. हे तिथल्याच एका ठेकेदाराकडे कारकून म्हणून लागले. घरी चिकूची आणि केळीची वाडी होती, पण ती सासरे बघत. सासू मी येण्याआधीच गेलेली. घरात माणसं तीनच. लग्नाला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती, तोवर खोकल्याबरोबर रक्त पडलं.

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. मी सातवीची फायनल झालेली म्हणून असेल. म्हणाले, टीबीची औषधं चांगली आहेत, पण रक्तातली साखर अशीच चढलेली राहिली तर फुप्फुसातली जखम भरून येणार नाही. औषध एकीकडे बांधत जाईल आणि साखर दुसरीकडे उसवत जाईल. साखर आटोक्यात आली तर हा माणूस जगेल, नाही आली तर नाही. इतकं सरळ सांगितलं त्यांनी. मला तेव्हा राग आला होता, पण सरळ बोलणाऱ्या माणसाची किंमत मला पुढे कळली.

आता टीबीला काय लागतं, ते आमच्या गावात पोरालाही ठाऊक होतं. टीबीला खुराक लागतो. दूध, अंडी, मटणाचं पाणी, तूप घातलेला भात, पिकलेली केळी, चिकू. ज्याच्या घरी टीबी त्याच्या घरी गावकऱ्यांनी काहीतरी घेऊन जायचं, दारातच ठेवायचं आणि लांबूनच विचारपूस करून परत फिरायचं, अशी रीत. आणि साखरेच्या आजारात ह्यातलं निम्मं बंद. भात मोजका, केळं नाही, चिकू नाही, गुळाचा खडा नाही. अंडी, मासळी, पालेभाजी, भाकरी चालेल. एक रोग म्हणतो घाल, दुसरा म्हणतो घालू नको. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी ताट घेऊन उभी. दारात आलेली केळी मी सरळ परत पाठवायची. गावात बोलणं झालं की सून नवऱ्याला उपाशी मारते. बोलणाऱ्यांची तोंडं धरायला मला वेळ नव्हता.

डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती, म्हणून सासऱ्यांनी वाडीच्या टोकाला ह्यांच्यासाठी कुडाची खोप बांधली. ह्यांची भांडी वेगळी, अंथरूण वेगळं. सासरे स्वतः खोपीच्या बाहेर बाजलं टाकून झोपत. एकुलता एक मुलगा होता त्यांचा. बोलायचे फार कमी. जेवताना मीठ कमी पडलं तरी न मागणारा माणूस.

मी घरात झोपे आणि उजाडलं की सगळं सामान घेऊन वाडीत जाई. काचेची सिरिंज आणि सुई पातेलीत उकळलेली. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवलेली असे, कारण बर्फ बोईसरलासुद्धा नेमाने मिळत नसे. आणि एक काचेची नळी. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात ह्यांच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर घात. रंग बघायचा, मग सुई टोचायची. ते इन्सुलिन सावकाश काम करणारं होतं, एका सकाळी टोचलं की दुसऱ्या सकाळपर्यंत अंगात राहायचं. टीबीचं इंजेक्शन गावातला कंपाउंडर देऊन जाई, त्याशिवाय टीबीच्याच 'पास' नावाच्या गोळ्यांचा ढीग, ज्यांच्यामुळे ह्यांची जेवणावरची वासनाच उडाली होती.

पावसाळा सरून थंडी लागली तेव्हा हे सगळं सुरू झालं. पहिले काही दिवस रंग उतरत गेला. लालाचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवट. मला वाटलं, आलं हातात. आणि मग एका सकाळी पुन्हा लाल. दुसऱ्या दिवशी लाल. त्यानंतर रोज लाल.

मी संतापी आहे, हे मी लपवत नाही. मी खोप झाडून काढली, उशीखाली बघितलं, गवताच्या पेंढ्या उचकल्या. झाडावरच्या चिकूंवर नजर ठेवली. शेजारची काकू कुंपणापाशी ह्यांच्याशी बोलताना दिसली तर तिला नको ते बोलले, आणि ती बिचारी पुढे वर्षभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी ह्यांनाच धरलं. हे खोकत खोकत म्हणाले, "तुजी शप्पत, गोड म्हणून कायच तोंडात घातलं नाय." माझी खोटी शपथ घेणारा माणूस नव्हता तो. मी गप्प बसले, पण नळीतला रंग काही गप्प बसला नाही.

पालघरला गेलो की डॉक्टर रंग विचारत. मी सांगे, लाल. ते मात्रा वाढवत. पुढल्या खेपेला पुन्हा तेच. तरी प्रत्येक वेळी ते खाण्यापिण्याची चौकशी करत आणि प्रत्येक वेळी मी शपथेवर सांगे की बाहेरचं काही नाही. सासरे शेजारी उभे असत, टोपी हातात घेऊन. तेही मान हलवत. निघताना डॉक्टर बजावत, की मात्रा आता मोठी आहे, दरदरून घाम आला, हात थरथरले, भलतंच बोलायला लागले, तर लगेच साखर खायला द्यायची आणि इकडे घेऊन यायचं.

मला कळलं ते फार नंतर, पण इथेच सांगून टाकते. वाडीच्या मागे, खाडीच्या अंगाला आमचे चार ताड होते. त्यातल्या एकाला सासरे थंडीपासून मडकं लावत होते. मडक्याला आतून चुना फासला की ताडाचा रस आंबत नाही, ताडी होत नाही, नीराच राहते. पाण्यासारखी, गोडसर, नशा नाही की वास नाही. आमच्याकडे जुन्या माणसांचा ठाम समज, की झिजलेल्या माणसाला सूर्य उगवायच्या आत उपाशीपोटी ताडाची नीरा दिली की छाती भरून येते. त्याला एक पथ्य मात्र असायचं. पाजणाऱ्यानं सांगायचं नाही आणि पिणाऱ्यानंही सांगायचं नाही. सांगितलं की औषधाचा गुण जातो. झाडपाल्याच्या प्रत्येक औषधाला आमच्याकडे हेच पथ्य असे, काविळीच्या औषधापासून विंचवाच्या मुळीपर्यंत. त्यात दारूबंदीचे दिवस. परवान्याशिवाय झाडाला मडकं लावलं तर पोलीस दारात, तेव्हा ताडाचं नाव तसंही कोणी मोठ्यानं काढत नसे. सासरे पहाटे झाडावर चढत, मडकं उतरवत, तांब्याभर नीरा मुलाला पाजत आणि मी सामान घेऊन येईपर्यंत तांब्या धुऊन पालथा ठेवत. ह्यांच्या लेखी ते झाडाचं पाणी होतं. गोड म्हणजे गूळ, साखर, पेढा. पाणी कुठे गोडात धरतात?

तर असं चाललं होतं. बाप रोज साखर पाजत होता आणि बायको रोज ती उतरवायची सुई टोचत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण ह्याला वाचवतोय. सगळी थंडी, सगळा उन्हाळा. आणि खरं सांगायचं तर वाचतही होते हे. सकाळी नळी लाल व्हायची ती पहाटेच्या नीरेनं, उरलेला दिवस मोठी मात्रा आणि नीरा एकमेकींना तोलून धरत असाव्यात. खोकला कमी झाला. रक्त थांबलं. गालावर मांस आलं. फोटोत छातीवरचा डाग आक्रसला होता.

पाऊस लागला की ताडाला कोणी मडकं लावत नाही. बुंधा निसरडा होतो आणि रसात पाणी उतरतं. सासऱ्यांनी मडकं काढून ठेवलं. कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. जे चालू आहे हे सांगायचं नसतं, ते बंद झालं हे कसं सांगणार?

आणि नळीतला रंग बदलला. लाल नाही, पिवळा नाही. हिरवट, आणि मग एके दिवशी निळा. उकळून उकळून निळाच राहिला. मी ती नळी उजेडात धरून बघत राहिले आणि मला रडू आलं. पळत जाऊन सासऱ्यांना दाखवली. त्यांनी नळी हातात घेतली, तिच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "गुन आला, बाय." मला वाटलं ते माझ्या सुईबद्दल बोलताहेत. मी त्या दिवशी त्यांना दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

निळा रंग इतकंच सांगतो की लघवीतून साखर सांडत नाही. ती किती खाली गेली आहे हे तो सांगत नाही. हे मला माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून मी ह्यांना रोज विचारायचे, घाम येतो काय, थरथरतं काय? हे हसून म्हणायचे, घाम कधी येत नव्हता? आणि तेही खरंच होतं. टीबीच्या माणसाला पहाटेचा घाम असतोच, इतके महिने मी ह्यांच्या चादरी पिळून वाळत घालत होते. कोणता घाम कोणत्या रोगाचा, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. चिडचिड मात्र वाढली होती. एकदा दुपारी ताट भिरकावलं आणि नंतर विचारलं की ताट कोणी सांडलं. त्या दिवशी मी साखरेचं पाणी पाजलं आणि घटकेत माणूस ताळ्यावर आला. मी सासऱ्यांना म्हटलं, उद्याच पालघरला जाऊ. पण पावसानं वाणगावच्या रस्त्यावर पाणी चढलं होतं, एसटी बंद. मी माझ्या अकलेनं मात्रा थोडी कमी केली आणि पाणी उतरायची वाट बघत बसले. आभाळ काही उघडेना.

त्या सकाळी मी सामान घेऊन वाडीत गेले तर सासरे बाजल्यावर बसलेले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. चेहरा इतका आनंदी मी त्यांचा कधी बघितला नव्हता. हळूच म्हणाले की पहाटेपासून एकदाही खोकला नाही, मुलगा कसा गाढ झोपलाय, झोपू दे. खरंच, खोपीतून काही आवाज नव्हता. आजार सुरू झाल्यापासून अशी शांतता आमच्या वाट्याला आली नव्हती. केळीच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं तेवढंच. मीसुद्धा खुळ्यासारखी तिथे उभी राहून ती शांतता ऐकत होते. मग वाटलं, इतकी शांतता बरी नाही. मी सासऱ्यांचं बोट बाजूला सारून आत गेले.

चादर पिळून काढावी इतकी भिजलेली. अंग गार. दात घट्ट बसलेले आणि घशातून घुरघुर. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. डोळे अर्धे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. मी धावत घरी जाऊन साखर आणली, ह्यांना कुशीवर वळवलं आणि ओठ बाजूला करून हिरड्यांवर चोळली. इतके महिने जी साखर घरात कुलूपबंद ठेवली, ती मी मूठमूठ त्या तोंडात घालत होते आणि तोंड ती घेत नव्हतं. लाळेबरोबर बाहेर येत होती. सासरे दारात उभे राहून विचारत होते की काय करतेस, साखर का देतेस? मी त्यांना गाडी बघायला पिटाळलं.

बांधकामावर निघालेला एक ट्रक मिळाला. ड्रायव्हर हिंदी बोलणारा, उत्तरेकडचा कुठला तरी. त्यानं ह्यांना एकट्यानं उचलून वर घेतलं आणि काम सोडून बोईसरकडे गाडी घातली. वाटेत दोनदा पाण्यात अडकलो. पालघरला पोचेपर्यंत दुपार झाली होती. डॉक्टरांनी काही विचारण्याआधी शिरेत ग्लुकोज सोडलं. बाटलीमागून बाटली. संध्याकाळी बोटं हलली. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले.

मग डॉक्टर आम्हा दोघांना व्हरांड्यात घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, फुप्फुस बरं होत आलं की इन्सुलिन कमी लागायला लागतं, ते आम्ही धरून चालतो. पण इतकी मोठी मात्रा महिनोन्‌महिने पचली आणि एकदम अशी अंगावर आली, याला दुसरं कारण हवं. हे काहीतरी खात होते किंवा पीत होते, आणि ते बंद झालं आहे. काय ते सांगा. मी म्हटलं, काही नाही. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"ताडाची नीरा," सासरे म्हणाले. "रोज पाजत व्हतो. पाऊस लागला तवा झाड बंद केला."

डॉक्टरांनी विचारलं की एवढ्या वेळा चौकशी केली, तेव्हा का बोलला नाहीत?

"सांगितलं तं गुन जाते," सासरे म्हणाले. "पोराचा गुन जाईल म्हणून नाय सांगितलं."

 डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की नीरा म्हणजे साखरच, ती मारायला आम्ही मात्रा वाढवत गेलो, मग नीरा गेली आणि मात्रा राहिली. सासरे ऐकत होते. त्यांना सगळं कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, आणि तरी मला त्यांची दया आली नाही. मी त्यांना म्हटलं, "बाबा, पाजलीत त्याचं मी काय बोलत नाय. बंद केलीत तवा तरी सांगायचं व्हतं." ते खाली बसले. मीही बसले, पण लांब.

मी ह्यात स्वतःला कधी दोष दिला नाही आणि आजही देत नाही. लोक मला विचारतात, तुला कळलं कसं नाही. मला जे सांगितलं नाही ते मला कळलं नाही, बस.

हे वाचले. चार-सहा आठवड्यांनी घरी आलो. बोलत होते, चालत होते, हातानं जेवत होते. इन्सुलिनची मात्रा आता अगदी थोडी, नळी बहुतेक निळी. खोपीची गरज संपली म्हणून ह्यांना घरात आणलं. पुढच्या थंडीत पालघरला फोटो काढला, तर डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. डाग भरून आला होता. टीबी गेला, म्हणाले. पण बोलताना आवाजात आनंद नव्हता, कारण मधल्या महिन्यांत त्यांनीही बघितलं होतं आणि मीही. इतका वेळ साखरेवाचून राहिलेला मेंदू सगळाच्या सगळा परत येत नाही. सदऱ्याची गुंडी लावायला घेत आणि मध्येच थांबत. नोकरीचं नाव काढलं तर कोणती नोकरी, विचारत. बापाला मात्र लख्ख ओळखत, लहानपणच्या गोष्टी काढत. माझ्याशी फार सभ्यपणे वागत. मी पाणी दिलं तर हात जोडत. मला वाटायचं, आजारानं माणूस नरम झालाय, सावकाश येईल ताळ्यावर.

फोटो काढून आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. ओटीवर हे आणि सासरे बसले होते. मी आत सिरिंज उकळत होते. हे आवाज खाली घेऊन, मला ऐकू जाऊ नये म्हणून, सासऱ्यांना विचारत होते.

"बाबा, ही बाय किती दिस आपल्याकडं ऱ्हानार? चांगली हाय ती. पन हिचा घरवाला वाट बघत नसंल काय?"

मला वाटलं, सासरे नेहमीप्रमाणे गप्प बसणार. पण ते बोलले.

"तुजीच बायको हाय ती."

मी दारात आले तेव्हा हे माझ्याकडे बघत होते, डोक्यापासून पायापर्यंत, जरा लाजून आणि जरा खूश होऊन. मग बापाकडे वळून म्हणाले, "मंग मला कोनी सांगितलं कां नाय?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. मी बाटली मडक्यातून काढली, औषध सिरिंजमध्ये भरून घेतलं आणि ह्यांना बाही वर करायला सांगितली.